पिंजाऱ्याची कमान आणि आरजूचं कॉलेज

मी कमान बोलतेय. गावाच्या वेशीवरची नव्हे आणि कॉलेजच्या दारात असते म्हणतात तीही नव्हे. मी कापूस पिंजायची कमान, अकोल्याच्या जठारपेठेतल्या अन्सार पिंजाऱ्याची. तुमच्या घरच्या गादीत गाठी बसल्या की जो माणूस मला खांद्यावर टाकून गल्लीत यायचा आणि माझी तांत छेडत पुढे जायचा, त्याची मी.

माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगते. कुणाचं चांगलं झालं की मला आतून काहीतरी टोचतं. लाकडाला असं होऊ नये, पण मला होतं. आणि आयुष्यात मी सगळ्यात जास्त कुणावर जळले असेन, तर ते एका कॉलेजवर. ते मी कधी पाहिलंसुद्धा नाही.

माझा जन्म तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात झाला. लाकूड धारणीच्या जंगलातलं, सागाचं. नत्थुजी सुताराने ते तासलं. एका टोकाला पंख्यासारखी रुंद फळी, दुसऱ्या टोकाला बाक, आणि मधे ताणून बांधलेली आतड्याची तांत. सोबत डमरूच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा, त्याला मुठिया म्हणतात. मुठियाने तांतीवर ठोका दिला की ती थरथरत कापसात शिरते आणि वर्षानुवर्षं दबलेला कापूस फुलून वर येतो. तो उडायला लागला की ओसरीत थंडीच्या दिवसांतलं धुकं उतरल्यासारखं वाटतं.

मला करून घेतलं अन्सारच्या अब्बांनी. गावात सगळे त्यांना पिंजारीबाबा म्हणत. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की ते मला घेऊन गावोगाव हिंडत. जानराव पाटलांच्या घरी तर आमचा मुक्कामच असे. त्यांच्याकडे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं लग्न निघायचं, आणि लग्न म्हटलं की नवी गादी आलीच.

अब्बांना दोन मुलगे. थोरला अन्सार, धाकटा जुबेर. दोघांनाही त्यांनी माझ्यावर हात बसवायला शिकवलं. अन्सारचा हात मेहनती होता. जुबेरचा हात हलका होता, त्याच्या ठोक्याला तांत जास्त गोड बोलायची. पण शाळेतली पोरं जुबेरला फार चिडवत. केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असायचा, म्हणून त्याला म्हातारा म्हणत. एक दिवस तो घरी आला, डोकं नळाखाली धरलं आणि म्हणाला, "आजपासून मी हिले हात लावनार नाई." अब्बा गेल्यावर मी सरळ अन्सारच्या खांद्यावर आले.

दोघे भाऊ पोटापाण्यासाठी अकोल्याला आले. अन्सार सायकलवर मला आडवी बांधायचा आणि जठारपेठेतल्या गल्ल्यांतून फिरायचा. त्याला ओरडावं लागत नसे. तो माझी तांत छेडायचा आणि बायका दारात यायच्या. "पिंजारीभाऊ, आमची गादी कवा करता?" असं विचारायच्या. ते दिवस माझे होते. अन्सारच्या हाताला माझ्याशिवाय दुसरं काही ठाऊक नव्हतं.

मग त्याचं लग्न झालं.

शहाजादी आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने मला ओळखलं. अन्सार जेवायच्या आधी माझी तांत पुसतो, सैल करतो, मला खुंटीवर टांगतो आणि मग हात धुतो, हे तिने पाहिलं. शेजारणीला म्हणाली, "मले काय मालूम, याच्या घरात माही सवत हाय." शेजारीण हसली. मी हसले नाही. शहाजादी गोरी, हसरी, बोलकी. तिच्या हाताला वेग होता. मी पिंजलेला कापूस ती खोळीत भरायची आणि लांब सुईने टाके घालायची. गिऱ्हाइकं गादी हातात घेतली की म्हणत, "टाके सुरेख हायेत." कापूस सुरेख आहे असं कुणी म्हणत नसे. तेव्हापासून मी तिच्यावर जळत आले आणि ती माझ्यावर.

आरजू झाली तेव्हा अन्सार दोन दिवस कामाला गेला नाही. असं आधी कधीच घडलं नव्हतं. तिचा पाळणा माझ्या खुंटीच्या अगदी खाली बांधला होता. तो पाळणा हलवायचा आणि माझ्याकडे पाहायचाही नाही.

पोरगी हुशार निघाली. शाळेतून आली की कापसाच्या ढिगाला पाठ टेकून वाचत बसायची. तिने दहावीत चांगले मार्क आणले तेव्हा अन्सारने भिंतीवर तिच्या पुस्तकांसाठी फळी ठोकली. जागा दुसरी कुठे नव्हती. माझी खुंटी काढली आणि मला दाराच्या मागे उभं केलं. दार उघडलं की मी अंधारात. दार लागलं की समोर ती फळी, तिच्यावर कव्हरं घातलेली पुस्तकं. त्यांच्यावर कधी धूळ बसायची नाही. माझ्यावर बसायची.

त्याच वर्षांत कापसाचा काळ फिरला. वऱ्हाडात जिकडेतिकडे कापसाच्याच गोष्टी, आणि त्यातली एकही चांगली नाही. खेड्यांतली लग्नं साधी होऊ लागली, नव्या गाद्या कुणी करेना. शहरात फोमच्या गाद्या आल्या. त्या पिंजाव्या लागत नाहीत, नुसत्या आणायच्या आणि टाकायच्या. अन्सार दिवसभर तांत छेडत फिरायचा आणि संध्याकाळी मला तशीच परत आणायचा. त्यात त्याला खोकला लागला. इतक्या वर्षांचा कापूस छातीत बसला होता.

जुबेरने मात्र वेळ ओळखली. त्याने रस्त्यावर दुकान घेतलं, विजेवर चालणारं पिंजायचं मशीन बसवलं आणि बाहेर बोर्ड लावला, 'शेख गादी सेंटर'. पिंजारी हा शब्द त्याने घरातून, दुकानातून, सगळीकडूनच काढून टाकला होता. सोयरिकी जुळवताना तो सांगायचा की आमचा कापडाचा व्यापार होता.

एक दिवस तो अन्सारकडे आला. "भाई, मशीनवर ये. रोजचं काम हाय. ते लाकूड घेऊन कवापर्यंत हिंडतो?"

अन्सारने आरजूच्या फळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "येतो."

तो माझ्याकडे पाहून 'नाही' म्हणाला असता तर मी जन्मभर मिरवलं असतं. पण तो त्या फळीकडे पाहून 'हो' म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याचे हात मशीनचे झाले. मी मशीनवर जळले. पण मशीन बिचारं लोखंडाचं. खरी जळत होते ती पुस्तकांवर. मशीनकडे तो त्यांच्यासाठीच गेला होता.

बारावीला आरजूला इतके मार्क पडले की अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजात तिचा नंबर लागला. घरात दोन दिवस गोडधोड झालं. मग फीचं बोलणं सुरू झालं. वर्षाची फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं. अन्सार मशीनवर कितीही वेळ उभा राहिला तरी ते भागणारं नव्हतं.

आरजूनेच माहिती काढून आणली. "अब्बा, आपुन इतर मागास वर्गात येतो. पिंजारी यादीत हायेत. फीत सवलत भेटते. पन जातीचा दाखला लागते, आन मंग त्याची पडताळणी होते. आपल्या कागदावर जातच नाई. सगळीकडं नुसतं मुसलमान लिहेल हाय."

"मंग?"

"मंग दाखवा लागते का आपुन खरेच पिंजारी हावो. आजोबा काय करत, गावात कोन ओळखते, सगळं."

अन्सार त्या दिवशी खूप दिवसांनी पहिल्यांदाच दाराच्या मागे आला, मला बाहेर काढलं आणि माझ्यावरची धूळ पुसली. मला वाटलं, आता माझे दिवस आले.

पण जुबेरला ही बातमी कळली आणि तो तडक घरी आला. "भाई, मी इतके वर्सं घातले हे नाव पुसाले. तू ते सरकारी शिक्क्यानं पुन्हा लिहून आनतो?"

"पोरीच्या शिक्षनाचा सवाल हाय."

"आन माह्या पोराच्या सोयरिकीचं काय? ते लोक विचारतीन, तुमचे सख्खे भाऊ पिंजारी कसे?"

जुबेरचा मुलगा उसामा बारावीत दोनदा नापास होऊन दुकानाच्या काउंटरवर बसत होता. जुबेरने त्याच्यासाठी इंजिनियरिंगची स्वप्नं पाहिली होती. आरजूच्या निकालाचे पेढे त्याने हातात घेतले होते, पण खाल्ले नव्हते, हे मी दाराच्या मागून पाहिलं होतं. मला त्याचा राग आला नाही. त्या घरात माझ्यासारखं जळणारं आणखी एक माणूस आहे, एवढंच वाटलं.

"तुह्या मनाचं कर," जुबेर जाता जाता म्हणाला. "मी कुठंई सही करनार नाई."

पडताळणीला वेळ लागणार होता आणि कॉलेजची तारीख थांबणार नव्हती. तोपर्यंत पूर्ण फी भरा, पडताळणी झाली की सवलत लागू होईल, असं सांगितलं गेलं. शहाजादीच्या कानातले गेले. अन्सारची सायकल गेली. तरीही थोडं कमी पडत होतं. तेव्हा मूर्तिजापूरच्या पुढे हायवेवर ढाबा चालवणारे रामराव गाद्या घ्यायला जुबेरच्या दुकानात आले होते. त्यांना ढाब्याच्या भिंतीवर लावायला जुन्या वस्तू पाहिजे होत्या. चौकशी घरापर्यंत येते, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

अन्सारने मला त्यांच्या जीपमध्ये ठेवलं. माझी तांत सैल केली, दोन्ही टोकांना फडकी गुंडाळली, म्हणजे प्रवासात लागू नये. मी मनात म्हणत होते, आता ही पोरगी सुखाने शिकेल, आणि मी माशा मोजत भिंतीवर बसेन.

ढाब्यावर माझ्या एका बाजूला बैलगाडीचं चाक होतं. त्याला लाल-पिवळा रंग दिला होता आणि दिव्यांची माळ सोडली होती. मला कुणी रंग दिला नाही, म्हणून मी त्या चाकावरही जळले. जेवायला आलेली पोरं माझी तांत ओढून पाहायची. एक जण आपल्या बायकोला सांगत होता, "हे जुन्या काळचं वाद्य हाय." समोरून दिवसभर एस.टी. जायच्या. काहींच्या पाटीवर अकोला, काहींच्या अमरावती. अमरावतीची गाडी गेली की मला ते कॉलेज आठवायचं, ज्याच्यापायी मला विकलं होतं आणि जे मला ओळखतही नव्हतं.

पावसाळा संपून शेतांत कापूस फुटायला लागला होता, तेव्हा एके दुपारी अमरावतीकडून आलेल्या एस.टी.तून आरजू उतरली. ती बाजेवर बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली. जवळ आली नाही. थोड्या वेळाने अकोल्याकडच्या गाडीतून शहाजादी उतरली. माझी जन्माची वैरीण. मला वाटलं, या दोघी मला भिंतीवर टांगलेली पाहून समाधान करून घ्यायला आल्या असाव्यात.

शहाजादी सरळ रामरावांपाशी गेली. "भाऊ, ते कमान आमाले वापस पायजे."

रामराव गल्ल्यावर बसले होते. "आता कसं देता येईन बाई? गिऱ्हाइकाले आवडते ते."

आरजू म्हणाली, "काका, माह्या पडताळणीसाठी घरी चौकशी येनार हाय. आमी पिंजारी हावो हे पायतीन. घरात कमानच नाई."

रामराव विचारात पडले. भला माणूस होता. "मंग चार दिवस घेऊन जा. काम झालं का आनून द्या."

"उसनी नाई पायजे," शहाजादी म्हणाली. "ते आमच्या घरचं मानूस हाय. घरच्या मानसाले उसनं नेते काय कोनी?"

मी ऐकलं, पण माझा विश्वास बसेना.

"तुमच्या या बाजांवर बसाले नुसते पोते हायेत," शहाजादी पुढे म्हणाली. "मी समद्या बाजांवर गाद्या करून देतो. कापूस, खोळ, टाके, समदं माहं. त्याच्या बदल्यात आमचं मानूस द्या."

रामरावांनी बाजांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नोकराला स्टूल आणायला सांगितलं.

परतीच्या एस.टी.त शहाजादीने मला मांडीवर आडवं घेतलं. कंडक्टर म्हणाला, वर टाका. ती म्हणाली, "नाई, तुटंन." माझं एक टोक आरजूच्या मांडीवर आलं होतं. बोरगाव गेल्यावर आरजू हळूच म्हणाली, "अम्मी, हॉस्टेलमधी पोरी विचारतात का तुहे अब्बा काय करतात. मी सांगतो, आमचं गादीचं दुकान हाय."

"दुकान तुह्या चाचाचं हाय."

"हो."

शहाजादी तिला रागावली नाही. खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "तुह्या चाचानं बी असंच सुरू केलं होतं."

आरजूने मान खाली घातली. तिचा हात माझ्या लाकडावर होता. इतकी वर्षं मी त्या घरात होते, पण तिचा हात त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर टेकला. मला तो आवडला, आणि आवडला याचा मला रागही आला.

चौकशीला आलेल्या मॅडम अमरावतीहून आल्या होत्या. शांत, नीट बोलणाऱ्या. त्यांच्यासोबत एक मदतनीस होता. जानराव पाटलांनी म्हाताऱ्या वयात येऊन आधीच जबाब दिला होता की पिंजारीबाबा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरच्या गाद्या करायचे. आता मॅडमना घर पाहायचं होतं. गल्लीतले लोक दारात जमले होते. जुबेरही होता. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

मॅडमनी आधी आरजूला विचारलं, "तुझे आजोबा काय करायचे?"

आरजूने एकदा चाचाकडे पाहिलं. "कापूस पिंजायचे. गावोगाव फिरून. माझे अब्बाही तेच करायचे, आणि आता गादीच्या दुकानात कापसाच्या मशीनवर काम करतात. माझी अम्मी गाद्या शिवते." ती स्पष्ट आणि मोठ्याने बोलली, हॉस्टेलच्या पोरींना ऐकू जावं अशी.

मॅडमनी मला हातात घेऊन पाहिलं. "नुसतं घरात असून चालत नाही. वस्तू कुणीही ठेवू शकतं. काम करून दाखवाल का?"

अन्सारने छताच्या कडीला दोरी बांधून मला टांगलं, तांत ताणली, खाली कापसाचा ढीग केला आणि मुठिया हातात घेतली. मशीनवर गेल्यापासून त्याने मला वाजवलं नव्हतं. पहिला ठोका पडला आणि माझ्या अंगातून जी थरथर गेली ती मी शब्दांत सांगू शकत नाही. कापूस उडायला लागला. पण जेमतेम ढिगाचा कोपरा फुलला आणि अन्सारला खोकला आला. तो थांबला, पुन्हा उचलायला गेला, पुन्हा खोकला. डोळ्यांत पाणी आलं. तो खाली बसला. शहाजादी पाणी घेऊन धावली.

मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, त्रास होतोय तुम्हाला." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या. पण त्यांचं पेन थांबलं होतं आणि आरजूचं तोंड उतरलं होतं.

त्या क्षणी मी कुणावर जळत होते ते मला आठवत नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की ठोका पडावा.

जुबेर उंबऱ्यावरून आत आला. त्याने चप्पल काढली, अंगातला पांढरा कुर्ता काढून आरजूच्या हातात दिला, बनियनवर माझ्यासमोर उभा राहिला आणि भावाच्या हातातली मुठिया घेतली. मला वाटलं, याने इतक्या वर्षांत हात लावला नाही, याला काय जमणार. त्याने तांतीवर बोट फिरवलं, ताण पाहिला, थोडा कमी केला. आणि मग वाजवायला लागला.

अन्सारच्या हातात मी काम करते. जुबेरच्या हातात मी गाते. हे मी विसरले होते, आणि त्याने विसरायचा जन्मभर प्रयत्न केला होता. सगळी खोली पांढरी झाली. त्याच्या केसांत कापूस, भुवयांत कापूस, दाढीत कापूस. गल्लीतली माणसं दारात उभी राहून पाहत होती आणि तो पुसत नव्हता. ढीग संपेपर्यंत थांबला नाही.

"तुम्ही यांचे कोण?" मॅडमनी विचारलं.

"लहाना भाऊ. जुबेर."

"तुमचा व्यवसाय?"

जुबेरने दाराकडे पाहिलं. तिथे उसामा उभा होता, आणि ज्यांच्याकडे सोयरीक चालली होती त्यांचा एक नातेवाईकही. "पिंजारी," तो म्हणाला. "आमी दोघं भाऊ पिंजारी. लिहा. सही कुठं करू?"

ती सोयरीक मोडली, हे इथेच सांगून टाकते. उसामाचं लग्न नंतर दुसरीकडे झालं. जुबेरने त्याबद्दल अन्सारला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. दुकानाचा बोर्ड त्याने बदलला नाही आणि पुन्हा माझ्याजवळही आला नाही.

काही महिन्यांनी आरजूची पडताळणी पूर्ण झाली आणि फीत सवलत मिळाली. चौकशीच्या दिवशी जुबेरने पिंजलेल्या कापसाची शहाजादीने गादी शिवली. ती गादी आरजूसोबत अमरावतीच्या हॉस्टेलला गेली. मला टेम्पोत गादी चढवताना दिसली आणि माझ्या पोटात पुन्हा तेच टोचलं. माझ्यातून फुललेला कापूस कॉलेजात चालला होता. मी दाराच्या मागेच.

रामरावांच्या ढाब्यासाठीच्या गाद्या पुऱ्या व्हायला हिवाळा लागला. कापूस अन्सारने बसून, थांबत थांबत माझ्यावरच पिंजला. शहाजादी टाके घालत बाजूला बसायची. ती आता मला सवत म्हणत नाही. कमानबाई म्हणते. यात मान आहे की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आरजू शिकली. आज ती धारणीच्या सरकारी दवाखान्यात औषधं देते. सुट्टीत येते तेव्हा अन्सारसाठी खोकल्याची औषधं आणते, त्याला कधी कुठली घ्यायची ते समजावते, आणि तो लहान मुलासारखा ऐकतो. माझ्या कापसाने त्याची छाती बिघडवली आणि तिच्या कॉलेजने त्याला औषध दिलं. हे मला कळतं. कळून जळणं जास्त वाईट असतं.

सध्या मी अचलपूरला आहे. तिथे शाइस्ता नावाची एक मुलगी आहे, पिंजाऱ्याचीच. तिला नर्सिंगला जागा मिळाली आहे. तिच्या बापाचा हात तयार आहे, पण त्याची कमान वाळवीने खाल्ली. तो अन्सारकडे आला होता. अन्सारने त्याला आधी आमच्या ओसरीत कापूस पिंजायला लावला. त्याचे ठोके ऐकले आणि म्हणाला, "घेऊन जा. पोरीचं काम झालं का आनून दे." आता अन्सार असंच करतो. ज्याच्या हाताला ठोका येत नाही त्याला तो मला देत नाही. ज्याला येतो त्याच्याकडून काही घेत नाही.

शाइस्ताच्या घरी मला चांगल्या जागी टांगलं आहे. तिची लहान बहीण येता जाता तांत छेडते आणि तिची आई तिला दटावते. उद्या यांच्याकडे चौकशी आहे. शाइस्ता सारखी येऊन मला पाहून जाते. तिच्या बॅगेत नव्या वह्या आहेत, कोऱ्या, अजून वास न गेलेल्या. ती जाईल. आरजू गेली तशीच जाईल. मग कुणी तिसरी येईल, तीही जाईल. सगळ्या माझ्या अंगावरून जातील आणि मला परत दाराच्या मागे आणून ठेवतील.

म्हणून वाचणाऱ्यांनो, माझं एक मागणं आहे. मला ढाब्याच्या भिंतीवर लावू नका. काचेच्या कपाटात ठेवून खाली पाटीही लिहू नका. तुमच्यापैकी कुणी अमरावतीला कॉलेजात जात असेल, शिकत असेल किंवा शिकवत असेल, तर एकदा, फक्त एकदा, मला खांद्यावर टाकून आत घेऊन जा. कुठल्याशा वर्गात, मागच्या बाकाला टेकवून उभी करा. मी कुणाला त्रास देणार नाही, तांत सैल करूनच न्या. मला एवढंच पाहायचं आहे की तिथे असं आहे तरी काय, ज्याच्यासाठी माझ्या माणसांनी मला विकलं, परत आणलं, आणि दोन्ही वेळेला त्यांना बरोबरच वाटलं.